पोटगीची नियमितता आणि राज्यसंस्थेचे उत्तरदायित्व : ब्रिटनमधील चाइल्ड सपोर्ट एजन्सीची चिकित्सा

प्रास्ताविक

‘पोटगी’ हा मराठीत रुळलेला शब्द ‘पोट’ या शब्दाशी नाते सांगतो. विभक्त झालेल्या पत्नीच्या व अपत्यांच्या उदरनिर्वाहासाठी द्यावयाची रक्कम, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ होय. उदरनिर्वाह ही रोजची गरज असल्यामुळे या अर्थात रकमेच्या आकाराइतकेच तिच्या कालबद्धतेलाही महत्त्व आहे. कायद्याच्या आणि समाजशास्त्राच्या विवेचनात मात्र ही कालबद्धता बहुधा दुर्लक्षित राहते. दरमहा ठरावीक दिवशी हाती पडणारी माफक रक्कम आणि वर्षातून दोन-तीनदा अवचित येणारी मोठी रक्कम यांची वार्षिक बेरीज एकच असू शकेल. परंतु घरभाडे, वीजदेयक, मुलांचे कपडे आणि शाळेचा खर्च यांचा मेळ पहिल्या रकमेवर बसतो, दुसरीवर बसत नाही. जी रक्कम केव्हा येईल हे सांगता येत नाही, तिच्या भरवशावर घर चालविता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेली चाइल्ड सपोर्ट एजन्सी ही पोटगीची आकारणी, संकलन व वसुली अशी तिन्ही कामे न्यायालयांकडून काढून घेऊन एका शासकीय कार्यालयाकडे सोपविणारी व्यवस्था होती. या व्यवस्थेचे अपयश सर्वमान्य आहे. त्याची कारणे सांगताना सामान्यतः संगणक प्रणालीतील दोष, अपुरा कर्मचारीवर्ग आणि सूत्राची गुंतागुंत यांकडे बोट दाखविले जाते. ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. प्रस्तुत लेखात असा विचार मांडला आहे की, या संस्थेचा मूळ दोष तिच्या कायदेशीर रचनेत होता. मूल सांभाळणाऱ्या पालकाचा वसुलीचा हक्क शासनाने स्वतःकडे घेतला. परंतु तो हक्क वेळेवर बजावण्याविषयीचे उत्तरदायित्व त्या पालकाप्रती वा मुलाप्रती स्वीकारले नाही. त्यामुळे अनियमित भरण्याचा संपूर्ण भार घरावरच राहिला. या निष्कर्षाचा भारतीय पोटगी-व्यवस्थेच्या संदर्भात कोणता अर्थ निघतो, याचाही लेखाच्या उत्तरार्धात थोडक्यात विचार केला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

एकपालक कुटुंबांचा प्रश्न ब्रिटनच्या धोरणचर्चेत १९९० मध्ये प्रथम आला, असे नाही. सर मॉरिस फायनर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७४ सालीच या विषयावर विस्तृत अहवाल सादर केला होता. न्यायालयाने ठरविलेली पोटगी आणि शासकीय साहाय्य या दोन स्वतंत्र वाटांवर स्त्रियांना करावी लागणारी वणवण त्या समितीने नेमकी टिपली होती. एकपालक कुटुंबाला शासनाने एक हमीचा निर्वाह-भत्ता द्यावा आणि दुसऱ्या पालकाकडून जे वसूल होईल ते शासनाने स्वतः वसूल करून घ्यावे, अशी तिची प्रमुख शिफारस होती. या शिफारशीत भरण्यातील अनियमिततेचा धोका शासनाने पत्करावा, हे तत्त्व अनुस्यूत होते. वाढत्या सार्वजनिक खर्चाच्या भीतीने ती शिफारस स्वीकारली गेली नाही.

त्यानंतर सोळा वर्षांनी, ऑक्टोबर १९९० मध्ये, मार्गारेट थॅचर यांच्या शासनाने ‘चिल्ड्रन कम फर्स्ट’ या शीर्षकाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. एकट्याने मुले वाढविणाऱ्या मातांपैकी एकतृतीयांशाहून कमी मातांना नियमित पोटगी मिळते, हे तिच्यातील महत्त्वाचे निरीक्षण होते. न्यायालयांनी ठरविलेल्या रकमा अल्प असतात, सारख्या परिस्थितीतील दोन कुटुंबांना वेगवेगळा न्याय मिळतो आणि आदेश झाल्यावरही वसुली होत नाही, हे आक्षेपही तिने मांडले. हे आक्षेप निराधार नव्हते. १९९१ च्या चाइल्ड सपोर्ट ॲक्टला संसदेत फारसा विरोध झाला नाही, याचे कारण जुन्या व्यवस्थेविषयीच्या या सार्वत्रिक असमाधानात आहे. ५ एप्रिल १९९३ पासून कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली.

येथे एका विसंगतीची नोंद घेणे आवश्यक आहे. श्वेतपत्रिकेचे शीर्षक मुलांना अग्रस्थान देणारे होते आणि तिच्या निदानात ‘नियमितता’ हा निकष होता. प्रत्यक्षात संस्थेपुढे पहिल्या वर्षासाठी ठेवलेले ठळक उद्दिष्ट सामाजिक साहाय्यावरील खर्चात ५३ कोटी पौंडांची बचत करण्याचे होते. शासकीय साहाय्यावर जगणाऱ्या मातेला मुलाच्या पित्याविरुद्ध अर्ज करण्याचा अधिकार देणे कायद्याने सक्तीने करावयाची गोष्ट ठरविली. हानीची वा मनस्तापाची रास्त भीती सिद्ध न करता तिने सहकार्य नाकारले, तर तिच्या साहाय्यात कपात करण्याची तरतूद होती. शिवाय अशा मातेच्या बाबतीत पित्याकडून आलेली पोटगी तिच्या साहाय्यातून पूर्णपणे वजा होत असे. म्हणजे पित्याने भरलेला पौंड मुलाच्या घरात न पोचता शासनाच्या तिजोरीत जमा होई. अशा कुटुंबातील मुलाला नव्या व्यवस्थेने काय दिले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर श्वेतपत्रिकेच्या समर्थकांनाही देता आले नाही.

आकारणीचे सूत्र आणि वसुलीचे वास्तव

न्यायाधीशाच्या विवेकाधिकाराऐवजी एकसमान गणिती सूत्र, हे नव्या व्यवस्थेचे प्रमुख वैशिष्ट्य होते. तत्त्वतः ही सुधारणा स्वागतार्ह होती. परंतु मूळ सूत्रात मुलाची निर्वाह-गरज, दोन्ही पालकांचे सूट-उत्पन्न, आकारणीयोग्य उत्पन्न आणि संरक्षित उत्पन्न अशा अनेक पायऱ्या होत्या. एका प्रकरणाची आकारणी पूर्ण करण्यासाठी शंभराहून अधिक बाबींची माहिती लागू शके. पालकाची नोकरी, घरभाडे किंवा नवे कुटुंब यांपैकी काहीही बदलले की गणित पुन्हा मांडावे लागे. घटस्फोटाच्या वेळी घर पत्नीच्या नावे करून दिलेल्या पित्यांना त्या व्यवहाराचा काहीच लाभ सुरुवातीच्या सूत्रात मिळत नव्हता. त्यांनी केलेल्या तीव्र आंदोलनानंतर १९९५ च्या कायद्याने काही अपवाद मान्य केले. संस्थेच्या पहिल्या प्रमुख रॉस हेपलव्हाइट यांनी सप्टेंबर १९९४ मध्येच पद सोडले होते.

२००० च्या कायद्याने सूत्र सोपे केले. पित्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या १५, २० किंवा २५ टक्के, अनुक्रमे एक, दोन किंवा तीन व अधिक मुलांसाठी, अशी ती सुटसुटीत आकारणी होती. हे सूत्र नव्या संगणक प्रणालीच्या अडचणींमुळे ठरल्या वेळेपेक्षा सुमारे वर्षभर उशिरा, मार्च २००३ मध्ये, आणि तेही केवळ नव्या प्रकरणांना लागू झाले. जुनी प्रकरणे जुन्याच सूत्रावर राहिली. परिणामतः एकाच कार्यालयात दोन कायदे आणि दोन प्रणाली शेजारी शेजारी चालू लागल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये तत्कालीन प्रमुख डग स्मिथ हेही पायउतार झाले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जून २००६ च्या अहवालानुसार या सुधारणांवर ५० कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला होता आणि थकीत पोटगी सुमारे ३.५ अब्ज पौंडांवर पोचली होती. त्यातील मोठा भाग वसूल होण्याची शक्यता नाही, असे संस्थेनेच गृहीत धरले होते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. तेरा वर्षे सुधारणेचा सारा भर ‘किती’ या प्रश्नावर राहिला. रक्कम न्याय्य कशी ठरेल, पित्यावर अन्याय कसा होणार नाही, गणित कमी वेळात कसे सुटेल, हे प्रश्न महत्त्वाचेच होते. परंतु ठरलेली रक्कम ‘केव्हा’ पोचेल, हा श्वेतपत्रिकेने स्वतःच उपस्थित केलेला प्रश्न या सर्व खटाटोपात मागे पडला. आकारणी पूर्ण झालेल्या प्रकरणांची संख्या हे कार्यालयाचे यश मानले गेले. आकारणीनंतर सलग बारा महिने पूर्ण रक्कम मिळालेल्या मुलांची संख्या हा यशाचा निकष झाला नाही.

अनियमित भरणा आणि मातेचा पत्रव्यवहार

मुळीच न देणाऱ्या पालकापेक्षा अधूनमधून देणारा पालक प्रशासनाच्या दृष्टीने अधिक अवघड असतो. पहिल्या प्रकारात थकबाकी स्पष्ट असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तुटक भरण्यानंतर कारवाईचा आधार शिथिल होतो. दोन महिने काही न देता, नोटीस येताच एक हप्ता भरणाऱ्या व्यक्तीविरुद्ध कार्यालय सहसा कठोर पाऊल उचलत नाही. या वर्तनाचा अर्थ घराला ताबडतोब कळतो. कार्यालयाच्या नोंदीत मात्र ते प्रकरण ‘अंशतः अनुपालन’ म्हणून सुस्थितीत दिसू शकते.

कायद्याने दिलेली वसुलीची साधने संख्येने कमी नव्हती. मालकाला आदेश देऊन वेतनातून थेट कपात करता येत होती. त्यापुढे दंडाधिकारी न्यायालयाकडून दायित्वाचा आदेश मिळवून बेलिफांमार्फत जप्ती करता येत होती. २००० च्या कायद्याने वाहनपरवाना काढून घेण्याचा मार्ग खुला केला आणि अखेरचा उपाय म्हणून सहा आठवड्यांपर्यंतच्या कारावासाचीही तरतूद होती. परंतु वेतनकपातीचा आदेश विशिष्ट मालकावर बजावलेला असतो. नोकरी बदलताच तो निष्फळ होतो आणि नवा मालक शोधण्यापासून काम पुन्हा सुरू करावे लागते. स्वयंरोजगार करणाऱ्याला मालकच नसल्याने त्याच्यावर तो बजावता येत नाही. पुढची प्रत्येक पायरी चढावयाची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार पूर्णतः कार्यालयाचा होता.

या अधिकाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मातेची स्थिती विचारात घेण्यासारखी आहे. पैसे थेट तिच्याकडे येण्याची व्यवस्था असेल, तर ते आले नाहीत हे कार्यालयाला तिनेच कळवावयाचे आणि आवश्यक तेव्हा बँकेच्या नोंदींनिशी दाखवून द्यावयाचे. पैसे कार्यालयामार्फत येत असतील, तर विलंब पित्याकडून झाला की कार्यालयाकडून, हे तिला सहजी कळत नसे. पित्याने उत्पन्न लपविल्याचा संशय आला तर तो व्यक्त करता येई. चौकशी करून घेणे तिच्या हाती नव्हते. तक्रारीची वाटही लांबलचक होती. प्रथम संस्थेकडेच तक्रार, मग १९९७ पासून उपलब्ध झालेला स्वतंत्र प्रकरण-परीक्षक, आणि त्यानंतर स्थानिक खासदारामार्फत संसदीय लोकपाल. या वाटेवर प्रशासकीय चुकीबद्दल दिलगिरी आणि काही वेळा लहानशी नुकसानभरपाई मिळू शके. बुडालेली पोटगी मात्र त्यातून मिळतेच असे नव्हते, आणि मिळाली तरी तोवर मुलाच्या वाढीची काही वर्षे सरलेली असत.

नोव्हेंबर २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत ही संस्था तिच्या कामासाठी योग्य रीतीने घडविलेली नाही, अशा आशयाची कबुली दिली. चौकशी, निवाडा आणि वसुली ही तिन्ही कामे एकाच कार्यालयाकडे असणे हेच अडचणीचे असल्याचे त्या चर्चेतून पुढे आले. हे निरीक्षण रास्त असले तरी त्यात एक उणीव राहते. तिन्ही कामे एकत्र असणे हा दोष तेव्हाच गंभीर होतो, जेव्हा त्या कामांतील कुचराईबद्दल जाब विचारण्याचा हक्क बाधित व्यक्तीला नसतो. हा मुद्दा त्याच वर्षी न्यायालयासमोर आला होता.

हक्क कोणाचा? : २००५ चा निकाल

जुलै २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेला निकाल प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. चार मुलांच्या मातेने संस्थेकडे अर्ज केला होता. पित्याकडून येणारी रक्कम वर्षानुवर्षे अनियमित होती आणि संस्थेच्या वसुलीत दिरंगाई होत होती. थकबाकी वसूल करण्यासाठी आपल्याला स्वतः न्यायालयात जाता येत नाही, यामुळे मानवी हक्कांच्या युरोपीय कराराच्या सहाव्या अनुच्छेदातील न्यायालयासमोर दाद मागण्याच्या हक्काचा भंग होतो, असे तिचे म्हणणे होते. १९९१ च्या कायद्याने संस्थेच्या कार्यकक्षेतील प्रकरणांत न्यायालयांना पोटगीचा आदेश देण्यास मनाई केली होती आणि वसुलीचा अधिकार फक्त शासनाकडे ठेवला होता, ही तिच्या तक्रारीची पार्श्वभूमी होती.

पाचांपैकी चार न्यायाधीशांनी तिचे म्हणणे अमान्य केले. त्यांच्या मते, संसदेने जाणीवपूर्वक अशी योजना आखली होती की, मूल सांभाळणाऱ्या पालकाला दुसऱ्या पालकाविरुद्ध वसुलीचा कोणताही व्यक्तिगत हक्क नसावा. जो हक्क देशांतर्गत कायद्यात अस्तित्वातच नाही, त्याच्या अंमलबजावणीसाठी सहाव्या अनुच्छेदाचा आधार घेता येत नाही. संस्थेच्या निष्क्रियतेविरुद्ध न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग खुला आहे, एवढा दिलासा त्या निकालात होता. पुढे जून २००८ मध्ये स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयानेही अनुच्छेदाचा भंग झाला नसल्याचा निर्णय दिला.

बहुमताच्या भूमिकेला तार्किक बळ आहे, हे मान्य केले पाहिजे. स्त्रीला पतीविरुद्ध वारंवार कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हाच नव्या व्यवस्थेचा एक हेतू होता. वसुलीचे दोन समांतर मार्ग ठेवले, तर गोंधळ आणि खर्च वाढेल, ही भीतीही काल्पनिक म्हणता येणार नाही. परंतु बॅरोनेस हेल यांच्या भिन्नमत निकालपत्राने या तर्कातील गाभ्याची उणीव दाखवून दिली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की, हा वाद प्रौढांच्या हक्कांचा म्हणून मांडला गेला असला तरी तो वस्तुतः मुलांच्या हक्कांचा आहे. पालकाकडून पोषण मिळण्याचा मुलाचा हक्क १९९१ पूर्वीही इंग्लिश कायद्यात होता. नव्या कायद्याने त्याच्या वसुलीची पद्धत बदलली. तो हक्क नष्ट केला, असे मानण्याचे कारण नाही. हक्क शिल्लक असेल, तर त्याच्या अंमलबजावणीतील अवाजवी विलंबाविरुद्ध दाद मागता आली पाहिजे.

या भिन्नमताच्या प्रकाशात १९९१ च्या कायद्याची भाषा पुन्हा वाचली, तर बरेच काही उलगडते. कायद्यात ‘अनुपस्थित पालक’ आहे, ‘सांभाळ करणारी व्यक्ती’ आहे आणि शासन आहे. २००० च्या कायद्याने ‘अनुपस्थित’ या शब्दातील दूषण टाळून ‘अनिवासी पालक’ अशी संज्ञा स्वीकारली. पित्याच्या भावनेची एवढी दखल घेणाऱ्या कायद्यात मूल मात्र ‘पात्र मूल’ या आकारणीच्या एककाच्या रूपानेच वावरते. विवेकाधिकार वापरताना मुलाच्या कल्याणाची ‘दखल’ घ्यावी, एवढेच बंधन अधिकाऱ्यांवर होते. बारा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला स्वतः अर्ज करण्याचा अधिकार केवळ स्कॉटलंडपुरता दिला होता. इंग्लंडमधील त्याच वयाच्या मुलाला तो नव्हता. ज्याच्या नावाने श्वेतपत्रिका निघाली, तो या व्यवहारात पक्षकार नव्हता.

अन्य देशांचा अनुभव पाहता हे अपरिहार्य नव्हते. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये, ब्रिटनच्या आधी, पोटगीची प्रशासकीय व्यवस्था सुरू केली आणि वसुलीचे काम सुरुवातीला कर-प्रशासनाकडे दिले. तेथील कायद्यात पुढे, शासनाची वसुली-यंत्रणा कायम ठेवूनही, मूल सांभाळणाऱ्या पालकाला थकबाकीसाठी स्वतः न्यायालयात जाण्याची मुभा देण्यात आली. दोन मार्ग एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते. जर्मनीत तर १९८० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, पालक पोटगी देत नसेल किंवा नियमित देत नसेल, तर शासन मुलाला निर्धारित रक्कम आगाऊ देते आणि नंतर त्या पालकाकडून वसूल करते. २०१७ मध्ये या साहाय्याची वयोमर्यादा, मोठ्या मुलांबाबत काही अटींसह, अठरा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. फायनर समितीच्या शिफारशीतील तत्त्वाचा हा व्यवहारातील आविष्कार म्हणता येईल.

दुरुस्तीचे प्रयत्न

सर डेव्हिड हेनशॉ यांच्या जुलै २००६ च्या अहवालाने संस्था मोडीत काढण्याची शिफारस केली. पालकांनी शक्यतो आपसांत करार करावेत आणि शासकीय यंत्रणेने अवघड प्रकरणांपुरतेच लक्ष घालावे, हे त्याचे सूत्र होते. २००८ च्या कायद्याने साहाय्यप्राप्त मातांवरील अर्जाची सक्ती रद्द झाली. एप्रिल २०१० पासून पोटगीची संपूर्ण रक्कम साहाय्याच्या गणनेतून वगळण्यात आली. गरीब घरातील मुलाला पोटगीचा प्रत्यक्ष लाभ पूर्णांशाने मिळण्यासाठी अशा रीतीने सतरा वर्षे जावी लागली. या दोन बदलांचे श्रेय या टप्प्याला निःसंशय दिले पाहिजे. बँक खात्यातून थेट कपात करण्याचा अधिकार मिळाल्यामुळे स्वयंरोजगारी पालकांच्या बाबतीतील एक पळवाटही अरुंद झाली.

डिसेंबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस ही नवी सेवा जुन्या संस्थेची जागा घेऊ लागली. कर-प्रशासनाकडील उत्पन्नाच्या नोंदींवर आकारणी आधारल्यामुळे गणिताचा वेग वाढला. परंतु २०१४ पासून संकलनाची सेवा सशुल्क झाली. देणाऱ्या पालकाकडून २० टक्के अधिक आणि घेणाऱ्या पालकाच्या रकमेतून ४ टक्के वजा, अशी ती रचना होती. अनियमित भरणा करणाऱ्या व्यक्तीमुळे संकलनाची सेवा घ्यावी लागली, तर त्याचा काही भार मुलाच्या हिश्श्यावर टाकणारी ही तरतूद समर्थनीय वाटत नाही. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, सुधारणांमुळे शासनाचा सहभाग व खर्च घटला, परंतु समाजातील परिणामकारक पोटगी-व्यवस्थांचे प्रमाण वाढले नाही. नव्या सेवेतील थकबाकीही साचू लागली असून आहे त्या गतीने ती २०३१ पर्यंत एक अब्ज पौंडांवर जाईल, असा इशारा त्या अहवालात आहे. २०२५ मध्ये शासनाने पालकांतील ‘थेट भरणा’ हा प्रकार बंद करून सर्व भरणा सेवेमार्फत व्हावा, असा मनोदय जाहीर केला. त्यातून हप्ता चुकल्याचे यंत्रणेला ताबडतोब कळू शकेल, ही जमेची बाजू आहे. हप्ता चुकल्यावर मुलाच्या घरात त्या महिन्यात काय पोचेल, हा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही.

भारतीय व्यवस्थेच्या संदर्भात

भारतातील स्थिती वरवर पाहता नेमकी उलट आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ नुसार, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ पत्नी, मुले व मातापिता यांना पोटगीचा हक्क आहे. औरस व अनौरस असा भेद मुलांच्या बाबतीत कायदा करीत नाही. दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने रद्द झाली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्याच दुरुस्तीने सांगितले. हक्क व्यक्तीकडेच आहे; तो बजावून देणारे प्रशासकीय कार्यालय मात्र नाही.

परिणामी हप्ता चुकला की स्त्रीलाच वसुलीचा अर्ज घेऊन पुन्हा न्यायालयात जावे लागते. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज न केल्यास त्या रकमेसाठी वॉरंट काढता येत नाही. नोटीस, वॉरंट, गैरहजेरी आणि पुढची तारीख या क्रमात तिची मजुरी बुडते, वकिलाची फी व प्रवासखर्च वाढतो. अटकेची वेळ येताच काही रक्कम भरून उरलेल्या रकमेसाठी मुदत मागण्याचा प्रकार येथील न्यायालयांनाही परिचित आहे. म्हणजे ‘अंशतः अनुपालन’ करणारा पालक दोन्ही व्यवस्थांत सारखाच सुरक्षित राहतो.

या संदर्भात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र सादर करावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होत. उत्पन्न लपविण्याच्या प्रवृत्तीवर यामुळे काही अंकुश येऊ शकतो. तथापि, दिवाणी दरखास्त दाखल करण्याची जबाबदारीही शेवटी स्त्रीवरच येते. निकालाने आकारणी सुधारली; दरमहाच्या पोचवणुकीसाठी यंत्रणा निर्माण करणे न्यायालयाच्या हाती नव्हते, ते विधिमंडळाचे काम आहे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना या दोन्ही व्यवस्थांच्या सीमारेषेचा अनुभव येऊ शकतो. ब्रिटिश सेवेची कार्यकक्षा, काही अपवाद वगळता, दोन्ही पालक व मूल यांचे नित्य वास्तव्य तेथे असेल तरच लागू होते. पिता भारतात परतल्यास ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मातेला त्या सेवेऐवजी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चाइल्ड सपोर्ट एजन्सीचे अपयश केवळ तांत्रिक वा व्यवस्थापकीय नव्हते. सूत्र सोपे झाल्यावर आणि संगणक बदलल्यावरही थकबाकी साचतच राहिली, कारण वेळेवर वसुली न झाल्याची झळ निर्णय घेणाऱ्या कार्यालयाला बसत नव्हती.

२. व्यक्तीचा हक्क शासनाने स्वतःकडे घेतला, तर तो बजावण्याचे कर्तव्यही न्यायालयात जाब विचारता येईल अशा स्वरूपात स्वीकारले पाहिजे. २००५ च्या निकालातील बॅरोनेस हेल यांचे भिन्नमत या दृष्टीने बहुमतापेक्षा अधिक ग्राह्य वाटते.

३. ब्रिटनमध्ये यंत्रणा होती, परंतु मातेच्या हाती हक्क नव्हता. भारतात हक्क आहे, परंतु त्यामागे यंत्रणा नाही. दोन्हीकडे अनियमिततेचा भार घरावरच पडतो. त्यामुळे भारतात प्रशासकीय पोटगी-यंत्रणेचा विचार झाल्यास, तिच्या निर्मितीबरोबर न्यायालयात जाण्याचा विद्यमान हक्क काढून घेतला जाऊ नये.

४. अशा कोणत्याही यंत्रणेचे मूल्यमापन आकारणीच्या किंवा निकाली प्रकरणांच्या संख्येवरून होऊ नये. ठरलेल्या दिवशी पूर्ण रक्कम सातत्याने मिळालेल्या मुलांचे प्रमाण हाच तिचा निकष असावा.

५. आगाऊ निर्वाह-रकमेचे तत्त्व खर्चिक आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु पोटगी चुकल्यावर तो खर्च नाहीसा होत नाही; तो माता, तिचे माहेर, शेजारी आणि सावकार यांच्याकडून भागविला जातो. हा खर्च सर्वांत दुर्बल घटकाने सोसावा की वसुलीची सत्ता असलेल्या शासनाने, एवढाच निर्णय बाकी राहतो. फायनर समितीने १९७४ मध्ये दिलेले उत्तर आजही विचारार्ह आहे.